घरच्या अंगणात गिअरपेटीचे तेल बदलताना

बंडीच्या आखाला वंगण घातल्याशिवाय बाजाराची वाट धरू नये, असा आमच्या तिगाव-पांढुर्णा भागातील जुन्या शेतकऱ्यांचा दंडक होता. वंगण आटले की चाक कुरकुरते, बैलांना जास्त ओढावे लागते आणि आख झिजतो, हे कळण्यासाठी त्यांना पुस्तकाची गरज भासत नसे. आज बंड्या थोड्या उरल्या. अंगणात ट्रॅक्टर, मोटारसायकल आणि पुष्कळ घरी मोटारही उभी असते. दसऱ्याला तिला झेंडूची माळ घातली जाते, हळदकुंकू वाहिले जाते. परंतु त्या मोटारीच्या पोटात चक्रांची एक पेटी आहे आणि त्या पेटीतील तेलही कालांतराने जुने होते, याची आठवण फार थोड्यांना राहते. बंडीचे चाक निदान कुरकुरून तक्रार तरी करीत असे. गिअरपेटी वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसते आणि मग एके दिवशी घरधन्यापुढे खर्चाचा डोंगर उभा करते.

नागपूर, पुणे, इंदूर येथे नोकरीस गेलेली आमच्या भागातील तरुण मंडळी आता गाड्यांची शौकीन झाली आहेत. नुसते पोहोचवणारी नव्हे, तर चालवण्याचा आनंद देणारी गाडी त्यांना हवी असते. महाराष्ट्रातील वाहनरचनाकार दिलीप छाब्रिया यांनी घडविलेली ‘अवंती’ ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार २०१२ साली दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा अशी गाडी आपल्याकडेही होऊ शकते याचे अनेकांना कौतुक वाटले. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत तर मजुरी महाग असल्यामुळे गाडीची लहानसहान कामे घरीच करण्याची रीत आहे. ती पाहून, आणि मोबाइलवरील चलच्चित्रे पाहून, सुटीत घरी आलेला मुलगा ‘गिअरबॉक्सचे ऑइल मीच बदलतो’ असे म्हणतो. या उत्साहाला आमचा विरोध नाही. हाताला यंत्राची ओळख असणे हे शिक्षणच आहे. मात्र हे काम किती सोपे आणि त्यातला धोका नेमका कोठे, हे दोन्ही घरातील लहानथोरांना ठाऊक असावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेटी काय करते?

तिगाव स्टेशनवरून पुढे चिचोंड्याकडे जाणारा लोहमार्ग घाट चढतो. नागपूरहून इटारसीकडे जाणारी भरलेली मालगाडी या चढणीला लागली, की तिला मागून ढकलण्यासाठी जादा इंजिन जोडले जाते. आमच्या भागातील शाळकरी मुलालाही हे दृश्य परिचयाचे आहे. मोटारीला अशी सोय नाही. तिचे इंजिन एकच, आणि त्याची ताकद ठरलेली. मुलताईच्या पठाराकडे चढताना त्याच इंजिनाकडून अधिक ओढ मिळवायची, तर वेगाचा काही भाग सोडून द्यावा लागतो. वेग देऊन ओढ घ्यायची आणि सपाटीवर ओढ सोडून वेग घ्यायचा, हा जो व्यवहार, तो लहानमोठ्या दातेरी चक्रांच्या साहाय्याने गिअरपेटी करते.

या चक्रांचे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात. दोन दात्यांमध्ये तेलाचा जो अतिशय पातळ पडदा असतो, तोच त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो. शिवाय गिअर बदलताना वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चक्रे आधी एका गतीवर यावी लागतात. त्यासाठी पेटीत पितळेसारख्या मिश्रधातूच्या कड्या बसविलेल्या असतात. ही युक्ती अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली प्रथम गाड्यांत आणली. तत्पूर्वी गिअर बदलणे ही मोठ्या कौशल्याची गोष्ट होती आणि दात्यांच्या खरखराटावरून चालकाची परीक्षा होत असे. या कड्यांनाही तेल लागते, आणि तेही ठरावीक जातीचेच, हे पुढे येईलच.

इंजिनातील तेलाप्रमाणे गिअरपेटीतील तेलाला जळत्या इंधनाची काजळी लागत नाही. म्हणून ते पुष्कळ टिकते. पण ते अमर नसते. दात्यांची झीज होऊन धातूची बारीक भुकटी त्यात मिसळते, हवेतील दमट वाफ शिरते, उष्णतेने त्यातील संरक्षक द्रव्ये क्षीण होतात. गिअर टाकताना लिव्हर अडखळू लागले, सकाळी पहिल्या काही मैलांत दुसरा गिअर नाखुशीने पडू लागला, किंवा एखाद्याच गिअरमध्ये गुणगुण ऐकू येऊ लागली, तर तेलाकडे लक्ष द्यावे. पेटीच्या जोडांवर तेलाचा ओलावा दिसला, तर तेल बदलण्याआधी गळती बंद करावी.

तेल किती अंतराने बदलावे याचे उत्तर गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत असते. तेच प्रमाण मानावे. काही स्वयंचलित पेट्यांच्या बाबतीत ‘हे तेल गाडीच्या आयुष्यभर पुरेल’ असे सांगितले जाते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अशा पेट्या बनविणारी जर्मनीतील झेडएफ ही नामांकित कंपनी स्वतः मात्र साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलावे असा सल्ला देते. आयुष्य कोणाचे, तेलाचे की पेटीचे, हा प्रश्न गाडीच्या मालकाने विचारून ठेवलेला बरा!

पेटी कोणती, तेल कोणते?

घरी हात घालण्यापूर्वी आपल्या गाडीची पेटी कोणत्या जातीची आहे हे निश्चित करावे. पायाने क्लच दाबून हाताने गिअर टाकावयाचा असेल, तर ती साधी हस्तचालित पेटी. हिचे तेल बदलणे घरी शक्य आहे. उदाहरणार्थ, जपानच्या माझदा कंपनीची ‘एमएक्स-५’ ही १९८९ साली निघालेली छोटी स्पोर्ट्स कार घ्या. परदेशात हौशी मंडळींमध्ये ती फार लोकप्रिय आहे. तिच्या पहिल्या पिढीतील पाच गिअरांच्या पेटीत सुमारे दोन लिटर तेल मावते. दोन लिटर तेल काढावयाचे आणि दोन लिटर भरावयाचे, इतकेच हे काम. आपल्याकडील अनेक लहान मोटारींचेही प्रमाण याच्याच आसपास असते.

याउलट स्वयंचलित आणि दोन क्लचच्या पेट्यांचे गणित निराळे आहे. नव्या, वेगवान गाड्यांत या दुसऱ्या प्रकारच्या पेट्या पुष्कळदा असतात. त्यांत तेलाची पातळी तेल ठरावीक तापमानाला असतानाच पाहावी लागते आणि ते तापमान कळण्यासाठी संगणकी उपकरण जोडावे लागते. थोडे कमी वा थोडे जास्त तेलही अशा पेटीला मानवत नाही. ही कामे तिच्या जाणत्या कारखान्याकडेच सोपवावीत. विजेच्या गाड्यांतही लहानशी चक्रपेटी आणि तेल असते. पण तिच्याजवळून उच्च दाबाच्या विजेच्या तारा गेलेल्या असतात आणि त्यांचे आवरण केशरी असते. संत्र्याच्या या मुलखात केशरी रंग समृद्धीचा खरा, पण गाडीखाली तो दिसला की हात मागे घ्यावा.

आता तेलाविषयी. दुकानातील डब्यावर ‘७५डब्ल्यू-९०’ यासारखे आकडे असतात. ते तेलाचा दाटपणा सांगतात. पहिला आकडा थंडीतील वागणूक दाखवितो, दुसरा उष्णतेतील. याखेरीज ‘जीएल-४’ किंवा ‘जीएल-५’ अशी खूण असते, आणि पुष्कळांची फसगत येथेच होते. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा, म्हणून ते तेल अधिक चांगले, असा समज करून घेतला जातो. जीएल-५ मध्ये गंधक व स्फुरद यांची द्रव्ये अधिक असतात. मागच्या आसाच्या चक्रांवर जो भयंकर दाब येतो, त्यासाठी ती घातलेली असतात. परंतु काही तेलांतील हीच द्रव्ये वर सांगितलेल्या पितळी कड्या हळूहळू खाऊ शकतात. पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-४ च घ्यावे. जीएल-५ लिहिले असेल तर तेच घ्यावे. काही हस्तचालित पेट्यांना तर स्वयंचलित पेटीचे पातळ लाल तेल लागते. दुकानदार सज्जन असेल, पण आपली गाडी त्याने बनविलेली नाही. पुस्तिकेतील ओळ कागदावर उतरवून दुकानात न्यावी आणि डब्याशी ताडून पाहावी.

जीव सांभाळण्याची गोष्ट

आमच्या मते या कामातील खरे धोक्याचे पाऊल तेलाचे नाही. ते गाडीखाली जाण्याचे आहे. एमएक्स-५ सारखी चिमुकली गाडीही सुमारे दहा क्विंटल भरते. दहा क्विंटल कापसाचे ढीग ज्याने बाजारात पाहिले आहेत, त्याला हे वजन छातीवर आले तर काय होईल हे सांगावे लागणार नाही. एवढे वजन गाडीसोबत मिळालेल्या जॅकवर तोलून त्याखाली शिरणे हा अविचार होय. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. तेलाच्या दाबाने उचलणारा मोठा जॅकसुद्धा आतील एखादी कडी फाटली तर खाली बसू शकतो. जॅकने उचलावयाचे आणि भार मात्र रुंद पायांच्या लोखंडी स्टँडवर टेकवावयाचा, हा नियम कोणत्याही घाईत मोडू नये. स्टँडवर त्याची वजन पेलण्याची मर्यादा कोरलेली असते, ती वाचावी.

विटांचा आधार तर मुळीच घेऊ नये. वीट भिंतीत मजबूत असते, कारण तेथे भार सर्वत्र सारखा पसरतो. गाडीच्या लोखंडी कडेखाली ती काही सूचना न देता फुटते. आमच्या भागातील आणखी एक अडचण म्हणजे काळी जमीन. उन्हाळ्यात ती दगडासारखी भासते आणि तिला भेगा पडतात. पावसाचे पाणी मुरले की तीच लोण्यासारखी होते. अशा जमिनीवर स्टँडचा पाय रुततो आणि गाडी कलते. म्हणून हे काम सपाट सिमेंटच्या ओट्यावर किंवा पक्क्या फरशीवरच करावे. अंगणाला उतार असेल तर तेथे करू नये.

स्पोर्ट्स कार जमिनीलगत बसलेली असते, त्यामुळे साधा जॅक तिच्याखाली जातच नाही. अशा वेळी जाड फळ्यांवर चाके चढवून गाडी आधी थोडी उंच करावी आणि मग कमी उंचीचा जॅक सरकवावा. जॅक आणि स्टँड कोठे लावावयाचे त्या जागा पुस्तिकेत चित्राने दाखविलेल्या असतात. भलत्या जागी लावल्यास पत्रा वाकतो आणि गाडी घसरते. गाडी उचलताना हँडब्रेक ओढलेला असावा आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत. मात्र पेटीतील पातळी बरोबर कळण्यासाठी गाडी चारही बाजूंनी सारखी असावी लागते. म्हणून एक टोक उचलून झाल्यावर दुसरेही उचलून चार स्टँड लावावेत. ठोकळे तोवर काढू नयेत. नंतर खाली जाण्यापूर्वी गाडीला बाजूने दोन-तीन वेळा जोराने हलवून पाहावे. हलावयाची असेल तर ती आपण बाहेर असतानाच हलू द्यावी.

घरात दुसरे मोठे माणूस असल्याखेरीज हे काम सुरू करू नये. लहान मुले व गुरे त्या बाजूला फिरकू देऊ नयेत. गाडीची किल्ली खाली काम करणाऱ्याच्या खिशात असावी. गाडी स्टँडवर असताना इंजिन चालू करून कोणी गिअर टाकून पाहू नये.

कामाचा क्रम

प्रथम गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी. कोमट तेल सहज वाहते आणि तळाशी बसलेला गाळ सोबत घेऊन येते. मात्र नंतर थोडा वेळ थांबावे. धूर जाण्याची नळी पेटीच्या जवळूनच जाते आणि तिचा चटका तव्यासारखा बसतो. चामडी किंवा रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा, कारण गाडीखाली उताणे पडले असता माती आणि तेल थेट डोळ्यांत येते.

पेटीला सामान्यतः दोन बोल्ट असतात. बाजूला, थोडा वर असतो तो तेल भरण्याचा, आणि तळाशी असतो तो तेल काढण्याचा. दोन्हींच्या भोवतालची माती ब्रशने साफ करावी, म्हणजे ती आत पडणार नाही. मग प्रथम वरचा, भरण्याचा बोल्ट सैल करून पाहावा. हा क्रम कधीही उलटा करू नये. खालचा बोल्ट काढून सर्व तेल सांडल्यावर वरचा गंजून घट्ट बसला आहे असे कळले, तर गाडी कोरड्या पेटीने अंगणातच अडकून पडते. वरचा बोल्ट निघाला की हवेला वाट मिळते आणि तेलही सरळ वाहते.

खाली घमेले ठेवून तळाचा बोल्ट काढावा. धार आधी दूर उडते आणि मग जवळ येते, त्याप्रमाणे घमेले सरकवावे. तेल पूर्ण निथळू द्यावे. या वेळी ते निरखून पाहणे अगत्याचे आहे. काळपट पण स्वच्छ तेल ही वयाची खूण आहे. दुधासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. बोल्टच्या टोकाला पुष्कळदा चुंबक असतो. त्यावर शाईसारखी मऊ राखाडी भुकटी असेल तर काळजी नको, ती नित्याची झीज आहे. परंतु बोटाला टोचणारे तुकडे किंवा दात्याचा कपचा मिळाला, तर नवे तेल हा त्यावर इलाज नव्हे. तेव्हा जाणत्या मिस्त्रीकडे जावे.

चुंबक पुसून, बोल्टला नवी वायसर लावून तो परत बसवावा. पेटी बहुधा ॲल्युमिनियमची असते आणि तिचे आटे नाजूक असतात. अंगातील सगळे बळ लावून आवळल्यास आटे जातात, आणि त्याची दुरुस्ती तेलाच्या कितीतरी पट महाग पडते. पुस्तिकेत दिलेल्या जोराइतकेच, जोर मोजणाऱ्या पान्याने आवळावे. असा पाना मिस्त्रीकडून तासाभरासाठी मागून आणता येतो.

नवे तेल वरच्या भोकातून हातपंपाने किंवा लांब नळी लावलेल्या नरसाळ्याने भरावे. नळी तोंडाने ओढण्याची जी सवय आपल्याकडे डिझेलच्या बाबतीत दिसते, ती येथेच नव्हे तर सर्वत्र सोडावी. तेल फुप्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत येऊन बारीक ओघळू लागले की पेटी भरली. जेवढे तेल निघाले त्याच्याशी भरलेले प्रमाण आणि पुस्तिकेतील आकडा ताडून पाहावा. कमी तेलाने दाते कोरडे पडतात. जास्त तेल घुसळून फेसाळते आणि जोडांतून बाहेर येते. वरचा बोल्ट बसवून, अवजारे मोजून, गाडी खाली उतरवावी. गावातून एक फेरी मारून आल्यावर दोन्ही बोल्ट कोरडे आहेत ना हे पाहावे. तारीख आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहून ठेवावा.

घमेल्यातील तेलाचे काय?

येथे बहुतेकांचे काम संपते. आमच्या मते खरी जबाबदारी येथे सुरू होते. घमेल्यातील ते दोन लिटर काळे तेल कुंपणाच्या कडेला ओतून द्यावयाचे, किंवा नालीत सोडावयाचे, अशी चाल आहे. आमचा हा सारा मुलूख विहिरीच्या पाण्यावर जगणारा. पांढुर्णा आणि सौंसरच्या संत्राबागा विहिरींनीच जगविल्या आहेत. तेल काळ्या जमिनीच्या भेगांतून खाली उतरते आणि तेथे ते सहजी कुजत नाही. नाल्यात सोडले तर नदीला जाते. पांढुर्ण्यातून वाहणारी जाम पुढे कन्हानला मिळते, आणि कन्हानचे पाणी नागपूर शहर पिते. एक गॅलन वापरलेले तेल दहा लाख गॅलन गोडे पाणी बिघडवू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संस्था सांगते. ट्रॅक्टरच्या पेटीत तर अनेक लिटर तेल असते, हे शेतकरी बंधूंनी ध्यानात घ्यावे.

काही घरी हे जळके तेल वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना फासतात. कोणी झाडाच्या बुंध्यालाही लावतात. त्या तेलात धातूची भुकटी आणि अपायकारक रसायने असतात. गुरे खांब चाटतात आणि झाडाची साल गुदमरते. संत्र्याच्या बुंध्यासाठी मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम आहे, तेच लावावे. चुलीत किंवा शेकोटीत तेल जाळणेही तितकेच घातक आहे. हाताला लागलेले तेल पेट्रोलने न धुता साबणाने धुवावे.

मग करावे काय? तेल रिकाम्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, डब्यावर ‘जुने तेल’ असे लिहावे. हा डबा खाद्यतेलाच्या डब्यांजवळ कधीही ठेवू नये. नंतर तो तालुक्याच्या मोठ्या गॅरेजमध्ये किंवा कंपनीच्या सेवाकेंद्रात द्यावा. तेथे असे तेल पिंपांत साठवून पुनर्वापर करणाऱ्यांकडे पाठविले जाते. सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले आहे. २०२३ साली त्यांत दुरुस्ती होऊन, १ एप्रिल २०२४ पासून तेल बनविणाऱ्या व आणणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यात आली आहे. जुने तेल शुद्ध करून पुन्हा वंगण बनविता येते. घमेल्यात असलेली ही वस्तू म्हणजे निव्वळ घाण नव्हे, तो एक कच्चा माल आहे.

तेव्हा सुटीत घरी आलेल्या मुलाने हे काम करावयास घेतले, तर वडीलधाऱ्यांनी त्याला रोखू नये. तीन गोष्टी मात्र विचाराव्यात. स्टँड चार आहेत का? डब्यावरची खूण पुस्तिकेशी जुळते का? आणि जुन्या तेलासाठी झाकणाचा डबा आणला आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली, तर खुशाल पाना हातात द्यावा, आणि काम संपेपर्यंत ओसरीवर बसून राहावे. एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर तो दिवस गाडी धुण्यात घालवावा. तेल आणखी आठ दिवस थांबले म्हणून पेटीचे काही बिघडत नाही.